काझाच्या वाटेवर एकच चाक पुन्हा पुन्हा पंक्चर होत असेल तर

मनालीहून हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला जाताना दोन दिवसांत आम्ही सात जणांनी एकाच बाईकचं मागचं चाक चार वेळा उघडलं. पहिल्यांदा छत्रूच्या अलीकडे, दुसऱ्यांदा तिथून जेमतेम दहा किलोमीटरवर. तिसऱ्यांदा बातलला सकाळी उठून बघतो तर चाक जमिनीला टेकलेलं. चौथ्यांदा कुंझुम उतरून लोसरकडे जाताना. तोपर्यंत दोन नव्या ट्यूब संपल्या होत्या, सोल्यूशनची (ठिगळ चिकटवायच्या गोंदाची) नळी पिळून सपाट झाली होती आणि ज्याची बाईक होती तो मित्र कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. आपल्यामुळे सगळे अडकले असं त्याला वाटत होतं.

त्याच्यामुळे नव्हतेच अडकले. पण हे मला काझाला पोचल्यावर कळलं, चारही भोकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा. त्याआधी आणि त्यानंतरही मी या रस्त्याने गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी वाटेत कुठला ना कुठला ग्रुप चाक काढून बसलेला दिसतो. पुण्याचा, नाशिकचा, कोल्हापूरचा. थांबून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'काय माहीत, तिसऱ्यांदा झालंय, टायरच खराब दिसतोय.' बहुतेक वेळा टायर खराब नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रस्ता कसा आहे

मनालीहून अटल बोगद्यातून (९.०२ किलोमीटर, २०२० च्या ऑक्टोबरपासून खुला) पलीकडे लाहौलमध्ये निघालं की केलाँगचा डांबरी रस्ता सोडून कोकसरवरून ग्रामफूकडे यायचं. खरी परीक्षा तिथून सुरू होते. छत्रू, छोटा दडा, बातल असं चंद्रा नदीला धरून जायचं, मग कुंझुम खिंड चढायची (सुमारे ४,५५० मीटर), पलीकडे लोसरला उतरायचं आणि स्पिती नदीच्या सोबतीने काझा गाठायचं. मनाली ते काझा सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण ग्रामफू ते बातल हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा चार-पाच तास सहज खातो. रुंदीकरणाची कामं चालू असतात, त्यामुळे एखादा पट्टा यंदा बरा आणि पुढच्या वर्षी उखडलेला असं होत राहतं.

खडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सह्याद्रीतला मुरूम येतो किंवा डांबरीकरणासाठी पसरलेली बारीक गिट्टी येते. इथे तसं नाही. नदीने घासून गुळगुळीत केलेले गोटे, दरडीतून आलेले धारदार दगड आणि त्यांच्यावर पिठासारखी धूळ, हे सगळं एकत्र असतं. गोटा चाकाखालून निसटतो. धारदार दगड निसटत नाही, तो रिमवर घाव घालतो. पंक्चरच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

आमच्यात तीन रॉयल एनफिल्ड हिमालयन होत्या, दोन हीरो एक्सपल्स, एक एनफिल्ड क्लासिक ३५० आणि एक ट्यूबलेस टायरची ॲडव्हेंचर बाईक. हे पुढे लिहिलेलं मुख्यतः स्पोकच्या, ट्यूबवाल्या चाकांसाठी आहे. या रस्त्यावर बहुतेक बाईक त्याच असतात.

आधी भोक बघा, मग सोल्यूशन काढा

आमची सगळ्यात मोठी चूक हीच होती. चाक बसलं की पाच हात एकदम कामाला लागायचे. एकजण एक्सल सोडवतोय, दुसरा पाने शोधतोय, तिसरा घड्याळ बघून सांगतोय की नाल्याचं पाणी वाढेल. ट्यूब ओढून बाहेर काढायची, जिथून हवा येते तिथे पॅच मारायचा किंवा नवी ट्यूब कोंबायची आणि निघायचं. भोक कुठल्या बाजूला होतं, कसं होतं, व्हॉल्व्हपासून किती लांब होतं, हे कोणी पाहिलंच नाही.

चाक काढल्यावर टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरच्या भिंतीवर एक खूण करा. खडू, पेन, ओल्या मातीचा ठिपका, काहीही चालेल. आणि ट्यूब बाहेर काढताना ती उलटीपालटी होऊ देऊ नका, चेनची बाजू कुठली ते लक्षात ठेवा. आता ट्यूबवरचं भोक आणि टायर-रिमवरची जागा जुळवता येते. याला अर्धा मिनिट लागतो. हे केलं नाही तर टायरमध्ये रुतलेली तार शोधायला पूर्ण टायरभर बोटं फिरवावी लागतात, आणि ती तार तरीही सापडत नाही.

भोक कुठे सापडलं त्यावरून बाकीचं ठरतं.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरच्या नक्षीकडे, एकच टोचल्यासारखं भोक असेल तर काहीतरी बाहेरून शिरलं आहे. ते अजून तिथेच आहे असं धरून चाला. टायरच्या आतून जाड कापडाचा बोळा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे तार किंवा दगडाची कपची असते. उघड्या बोटांनी शोधू नका, माझ्या ओळखीच्या एकाने तर्जनी कापून घेतली आणि पुढचे चार दिवस त्याला क्लच धरता येत नव्हता.

ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला भोक असेल तर दगडाचा यात काही संबंध नाही. स्पोकचं टोक निपलच्या (रिममध्ये स्पोक धरणाऱ्या नटाच्या) वर आलेलं असतं किंवा त्याला झाकणारी रबरी रिम टेप सरकलेली, फाटलेली असते. घरून निघण्याआधी ट्रूइंग (स्पोक कमी-जास्त कसून चाक सरळ करणं) करून घेतलं असेल, स्पोक कसले असतील, तर हा संशय सर्वात आधी घ्या. टोक कानशीने घासायचं, टेप जागेवर आणायची, टेप गेलेली असेल तर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळायची. हे न करता नुसती ट्यूब बदलली तर नवी ट्यूबही त्याच जागी जाते.

शेजारी शेजारी दोन चिरा, सापाच्या दातांसारख्या. हा या रस्त्याचा खास आजार. दगडावर चाक आपटलं, टायर पूर्ण दबला आणि ट्यूब दगड व रिमच्या मध्ये चिमटली. कधी एकच चीर दिसते, पण ती लांबट असते, गोल नसते. अशी चीर दिसली की त्या जागी रिमची कड हाताने चाचपा. वाकलेली असेल तर पुढे तिथेच पुन्हा चिमटा बसणं सोपं जातं.

व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटलेली असेल तर टायर रिमवर फिरला आहे. इथे पॅच टिकत नाही, वेळ घालवू नका, ट्यूब बदला.

आणि चाक नुकतंच जोडलं असताना दहा-वीस किलोमीटरच्या आत हवा गेली, चीर छोटी आणि कडेजवळ असेल, तर ती आपणच केलेली आहे. टायर चढवताना लिव्हरखाली (टायर काढायच्या पट्टीखाली) ट्यूब आली.

आमच्या चार पंक्चरांची गोष्ट

काझाला हॉटेलच्या अंगणात तिन्ही ट्यूब पसरून मी भोकं मोजली. पहिलं, सापाचा दात. दुसरं, लिव्हरचा चिमटा. तिसरं भोक नवं नव्हतंच, पहिल्याच भोकावरचा पॅच अर्धा उचकटला होता. चौथं, व्हॉल्व्हचं मूळ फाटलेलं. चार पंक्चर, चार वेगळी कारणं, आणि त्यातली तीन आमच्याच हातांनी ओढवून घेतलेली.

क्रम असा होता. मनालीत निघताना कोणीतरी सांगितलं की खडी आहे, हवा कमी करा, १८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. सगळ्यांनी केली. छत्रूच्या अलीकडे मित्राचं चाक दगडावर आपटलं. आम्ही घाईत नवी ट्यूब घातली, घालताना ती चिमटली आणि दहा किलोमीटरवर तीही गेली. मग पहिली ट्यूब ठिगळ लावून घातली. रात्रीत बातलच्या थंडीत ठिगळाने हार मानली. सकाळी ग्रुपमधल्या दुसऱ्या हिमालयनवाल्याने स्वतःची राखीव ट्यूब दिली. ती नीट बसली, चिमटली नाही. पण हातपंपाने हवा भरताना जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर आम्ही सगळेच धापा टाकत होतो. चाळीस-पन्नास झटके मारले की माणूस खाली बसायचा. प्रेशर गेज मागून येणाऱ्या गाडीत होता. अंगठ्याने दाबून पाहिलं, 'झालं बस' म्हणालो. मला आज खात्री आहे की १५-१६ च्या वर हवा नव्हती. त्या हवेवर कुंझुम चढताना आणि पलीकडे ब्रेक मारत उतरताना टायर रिमवर सरकला आणि व्हॉल्व्ह मुळातून गेला.

म्हणजे पहिल्या पंक्चरने दुसऱ्याला जन्म दिला आणि पुढची साखळी तशीच चालत गेली. 'तेच चाक पुन्हा पुन्हा' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. दुर्दैव एकदाच येतं, बाकीचं घाईतून येतं.

हवा नक्की किती

यावर जितक्या तोंडांनी विचाराल तितकी उत्तरं मिळतील. १५-१८ चा सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या बाईकसाठी आहे: शंभर-एकशेदहा किलोची हलकी डर्टबाईक, जाड ट्यूब, टायर रिमवर फिरू नये म्हणून बसवलेला रिम लॉक, आणि समोर वाळू किंवा चिखल. आपली हिमालयन रिकामीच दोनशे किलोच्या आसपास, त्यावर स्वार, सॅडल बॅगा, मागे तंबू. ती १८ वर धारदार दगडांतून न्यायची म्हणजे रिमला थेट दगडावर आपटायचं.

मी कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा घेतो आणि खडीसाठी त्यातून दोन, फार तर तीन पीएसआय कमी करतो. त्याखाली जात नाही. माझ्या बाईकवर सामानासकट ते पुढे २३-२४ आणि मागे २८ येतं. पुढचं चाक थोडं उडतं, हातांना धक्के जास्त बसतात हे खरं आहे. ते मी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून सोसतो. उभं राहिलं की गुडघे दुसरं सस्पेन्शन होतात आणि मागच्या चाकावर सगळं वजन एकदम आदळत नाही.

आता उंचीचं. 'वर गेलं की टायर फुगतो, हवा सोडा' असं दरवर्षी ऐकू येतं. अर्धं खरं आहे. गेज आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतो, आणि वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो. मनालीत तो साधारण ११.५ पीएसआय असतो, कुंझुमला ८.३ च्या जवळपास. म्हणजे बाकी काही बदललं नाही तर गेज तीन पीएसआय जास्त दाखवेल. पण बाकीचं बदलतं. वर थंडी आहे. मनालीत दुपारी २० अंशाला २८ भरली असेल आणि कुंझुमवर ५ अंश असतील, तर थंडीने दोन पीएसआय जातात आणि गेजवर २९ च्या आसपास दिसतं. बातलला पहाटे शून्याच्या जवळ मोजलं तर पुन्हा २८. उंचीने जे दिलं ते थंडीने परत नेलं. म्हणून उंचीच्या नावाखाली हवा सोडायची काहीच गरज नाही. रोज सकाळी, बाईक हलवण्याआधी, थंड टायरवर गेज लावा आणि तो सांगेल ते माना. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो, त्यावरून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघाल.

ग्रुपमुळे होणारं पंक्चर

हे मला सगळ्यात उशिरा समजलं आणि सांगायचं सगळ्यात जास्त हेच आहे.

मित्राची बाईक ओळीत चौथी होती. पुढे तीन बाईक, त्यांची धूळ. त्याला पुढच्या टेललाइटशिवाय काही दिसत नव्हतं. ज्या दगडावर त्याचं चाक आपटलं तो दगड पुढच्या तिघांनी पाहून चुकवला होता, आणि त्याला तो दिसलाच नाही. आणि मागे पडू नये म्हणून तो त्यांच्याच वेगाने येत होता, पन्नासच्या आसपास. ४० ऐवजी ६० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण दगडावरचा घाव सव्वादोन पट होतो. ४० ला रिमपर्यंत न पोचणारा दगड ६० ला ट्यूब चिमटतो. धूळ, वेग आणि कमी हवा एकत्र आली की पंक्चर ठरलेलंच.

तेव्हापासून आम्ही अंतर धुळीवरून ठरवतो. पुढच्याची धूळ बसलेली असेल आणि रस्त्यावरचा दगड ओळखू येत असेल, तर अंतर बरोबर. वारा आडवा असेल तर शंभर मीटर पुरतात, वारा नसेल तर पाचशेही कमी पडतात. एवढं अंतर ठेवल्यावर माणूस नजरेआड जाणारच, म्हणून नियम असा: प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. फाटा, नाला, अवघड वळण आलं की थांबायचं, मागचा दिसला आणि त्याने हात केला की निघायचं. पुढच्याला गाठायची जबाबदारी कोणावरच नाही. सगळ्यात नवखा पुढाऱ्याच्या लगेच मागे, आणि पुढाऱ्याने त्याच्या वेगाने चालायचं. सगळ्यात अनुभवी आणि हाताने काम करू शकणारा शेवटी. आमच्याकडे आधी उलटं होतं, सगळे चांगले चालवणारे पुढे पळायचे आणि शेवटी राहायचा तो थकलेला.

दुसरी गोष्ट हत्यारांची. मागून गाडी येते आहे म्हणून आम्ही पंप, गेज, पाने सगळं तिच्यात टाकलं होतं. या रस्त्यावर चारचाकी बाईकपेक्षा हळू चालते, एखाद्या नाल्यावर अडकली तर तासभर मागे राहते, आणि मोबाईलवर भिस्त ठेवता येत नाही. गाडीत सामान ठेवा, तंबू ठेवा, राखीव टायरही ठेवा. पण एक्सलचा पाना, तीन लिव्हर, गेज, पंप, पॅच आणि त्या चाकाची ट्यूब शेवटच्या बाईकवर हवीच. पाना घरीच नटला लावून बघा. 'ॲडजस्टेबल आहे ना' या भरवशावर निघालेल्यांना मी छत्रूला नटाच्या कडा गोल करून बसलेलं पाहिलं आहे.

निघण्याच्या आठवड्यात ग्रुपमधल्या सगळ्या चाकांची मापं एका कागदावर लिहा. हिमालयन पुढे २१, मागे १७. एक्सपल्स पुढे २१, मागे १८. क्लासिक पुढे १९, मागे १८. हे लिहिलं की कुठल्या किती ट्यूब घ्यायच्या ते आपोआप दिसतं, आणि प्रत्येकाने सगळ्या मापांच्या ट्यूब वाहायची गरज राहत नाही. अगदीच काही नसेल तर २१ ची ट्यूब मागच्या १८ च्या चाकात घालून हळूहळू गाव गाठता येतं, पण तो तात्पुरता उपाय आहे.

आणि वजन. मित्राच्या बाईकवर मागे पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते. मनाली सोडल्यावर पुढचा भरवशाचा पंप काझालाच, हे खरं. पण अंतर दोनशे किलोमीटर. चंद्रताल करायचं असेल तर बातलजवळून १४ जायचे आणि १४ यायचे. हिमालयनची टाकी १५ लिटरची. लिटरला २० चा वाईट हिशोब धरला तरी ३०० किलोमीटर जाते. ते दहा लिटर म्हणजे साडेसात किलो, अगदी मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्याही पलीकडे. या वाटेसाठी टाकी मनालीत काठोकाठ भरणं पुरेसं आहे.

ट्यूब चिमटू नये म्हणून

दोन-तीन गोष्टी हाताला सवय होईपर्यंत घरी सराव करण्यासारख्या आहेत. पुण्यात पार्किंगमध्ये, सावलीत, बादलीभर पाणी शेजारी असताना एकदा मागचं चाक स्वतः उघडून जोडा. आमच्या सातांपैकी फक्त दोघांनी ते केलं होतं.

ट्यूब आत घालण्याआधी तिला गोल आकार येईल इतकीच थोडी हवा भरा. लोळागोळा ट्यूब लिव्हरखाली हमखास येते. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. चढवताना, आधी बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा. सगळी युक्ती यातच आहे. कड त्या खोलात असेल तर समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो आणि लिव्हरला जोर लावावा लागत नाही. जोर लागतो आहे असं वाटलं की थांबा, कड कुठेतरी वर आलेली आहे. लिव्हरचे घास छोटे घ्या, दोन बोटांएवढे. शेवटी व्हॉल्व्ह आतल्या दिशेने ढकलून बघा, सहज आत-बाहेर होतो म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली अडकलेली नाही.

व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळू नका. जवळजवळ सगळी पंक्चरची दुकानं तो आवळून देतात. तो सैल करून वर टोपीपाशी नेऊन ठेवा. टायर रिमवर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि तुम्हाला चहाच्या थांब्यावर नुसत्या नजरेने कळतं. नट आवळलेला असला तर व्हॉल्व्ह सरळच दिसतो आणि फाटतो तेव्हाच कळतं. आमचा तसाच गेला. तिरपा दिसला तर हवा सोडून, कड मोकळी करून, टायर हाताने मागे फिरवायचा आणि हवा पूर्ण भरायची.

ठिगळाबद्दल. ट्यूब काचकागदाने घासा, चमक जाईपर्यंत, पॅचपेक्षा मोठी जागा. ट्यूबच्या मधोमध जाणारी उंचवट्याची रेघ भोकाखाली येत असेल तर ती घासून सपाट करा, नाहीतर तिच्या कडेने हवा वाट काढते. सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. बोट लावल्यावर चिकटणार नाही, फक्त ओढ जाणवेल इतकं ते वाळलं पाहिजे. पुण्यात पाच मिनिटांत वाळतं. बातलच्या वाऱ्यात, थंडीत, मला पंधरा मिनिटं लागली आहेत. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच चिकटल्यासारखा दिसतो आणि रात्रीत उचकटतो. ट्यूब आणि नळी आधी जॅकेटच्या आत धरून गरम केली तर काम लवकर होतं. शक्य असेल तर वाटेत नवी ट्यूब घाला आणि ठिगळाचं काम मुक्कामी, भिंतीच्या आडोशाला करा.

हवेसाठी बॅटरीवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घ्या. एवढ्या खर्चात कोणी मागेपुढे पाहू नये. विरळ हवेत त्यालाही वेळ जास्त लागतो, पण तो धापा टाकत नाही. कोणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर त्या माणसाला हातपंपाला हात लावू देऊ नका. त्याला पाणी देऊन सावलीत बसवा. लक्षणं वाढत असतील तर चाकाचं नंतर बघू, आधी माणूस खाली उतरवा.

मधला स्टँड खडीत रुततो, खाली चपटा दगड ठेवा. मधला स्टँड नसेल तर साइड स्टँडवर बाईक कलती करून विरुद्ध बाजूला डबा किंवा दगडांची रास, आणि एकाने हँडल धरून पुढचा ब्रेक दाबून उभं राहायचं. तो माणूस दुसरं काहीही करणार नाही, फोटोही काढणार नाही.

ट्यूबलेसवाल्यांना या त्रासातलं बरंच काही नाही, रबरी वात खुपसली की झालं. त्यांचं दुखणं वेगळं: दगडाने ॲलॉयची कड वाकते आणि टायरच्या कडेतून हवा गळते, किंवा टायरची भिंत चिरते. दोन्हीवर वात चालत नाही. त्यांनीही एक ट्यूब बरोबर ठेवावी, शेवटचा उपाय म्हणून ती आत घालता येते. सीलंटचं (भोक बुजवायला आत भरतात त्या द्रवाचं) म्हणाल तर खिळ्याच्या छोट्या भोकाला ते उपयोगी आहे, सापाच्या दाताला नाही, आणि सीलंटने बरबटलेल्या ट्यूबवर पॅच बसत नाही.

काझाला पोचल्यावर

पोचल्या दिवशी काही करू नका, झोपा. दुसऱ्या दिवशी की मठ किंवा हिक्किम गावाला जाण्याआधी तासभर चाकांना द्या. ज्या चाकाने वाटेत त्रास दिला ते पूर्ण उघडा, हवा धरून असलं तरी. आम्ही उघडलं तेव्हा रिमची कड डाव्या बाजूला वाकलेली होती, पहिल्या दगडाची खूण. लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीने ती हळूहळू सरळ केली. रिम टेप एका ठिकाणी गोळा झाली होती, ती पसरून वर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. स्पोक एकेक करून पान्याने वाजवून पाहिले, दोन बद्द वाजले, ते कसले. चाक चारदा निघालं-जोडलं गेल्यामुळे चेनची ओळ एका खुणेने सरकली होती, तीही ठीक केली. मागचे दोन्ही कॅन आम्ही काझालाच टाक्यांत रिकामे केले.

काझाहून आम्ही ताबो, नाको, रेकाँग पिओ असे शिमल्याच्या बाजूने उतरलो. तो रस्ता खूपच बरा आहे, पण दरडींच्या पट्ट्यांत दगड तसेच आहेत. रोज सकाळी चहाआधी मित्र गेज घेऊन चाकापाशी बसायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. ताबोला २८, नाकोला २८, रामपूरला ऊन वाढल्यावर ३०.